मासे वर येईपर्यंत

औषधांच्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं बाळांच्या पावडरीचे बारा डबे काउंटरवर मांडले आणि चष्म्यावरून नेव्हियाकडे पाहिलं.

"बारा डबे. मुलं किती आहेत तुम्हाला, सिन्योरा?"

"चार," नेव्हिया म्हणाली. "चारही राक्षस."

"म्हणजे शूटिंगवाल्या तुम्ही." म्हातारा डबे कागदात गुंडाळू लागला. "त्या सोनेरी केसांच्या बाईंची एक सही मिळाली तर बघा. माझ्यासाठी नाही, बायकोसाठी."

बायकोसाठी म्हणताना त्याचे कान लाल झाले होते. नेव्हियानं सही आणून द्यायचं कबूल केलं, डबे काखोटीला मारले आणि ती धक्क्याकडे निघाली.

सन एकोणीसशे सत्याहत्तरचा सप्टेंबर संपत आला होता. सार्डिनियाच्या नैऋत्य टोकाला असलेल्या त्या गावापासून होडीनं वीस मिनिटांवर एक खडकाळ बेट होतं, आणि बेटावर टूना माशांचा एक बंद पडलेला कारखाना. पडक्या कमानी, गंजलेल्या कढया, भिंतींत मुरलेला तेलाचा जुनाट वास. रोमहून आलेल्या सिनेमावाल्यांना हे आयतंच मिळालं होतं. गोष्ट अशी, की खजिना शोधायला निघालेलं एक गलबत या बेटावर आपटतं, आणि मग भोवतालच्या पाण्यातून माशाच्या तोंडाची माणसं वर येऊ लागतात. सिनेमाचं नाव दर आठवड्याला बदलत होतं. राक्षस मात्र तेच होते, आणि ते नेव्हियानं केले होते. रोममधल्या कार्यशाळेत चार महिने खपून तिनं रबराचे चार पोशाख ओतले होते. एकेक खवला हातानं चिकटवलेला.

त्यांतले तीन पोशाख रोमहून आलेली कसरतपटू मंडळी घालत. ती काठावर झकास दिसत, पण पाण्यात गळ्यापर्यंत उतरली की त्यांची बोबडी वळे. चौथा पोशाख सेव्हेरोचा. सेव्हेरो याच गावचा, अठ्ठावीस वर्षांचा, पोवळी काढणारा पाणबुड्या. एका दमात साडेतीन मिनिटं खाली राहायचा. त्याला एकदा रोमला जायचं होतं आणि पडद्यावर स्वतःचं नाव बघायचं होतं, मग ते राक्षसाच्या नावाखाली का असेना.

रोज सकाळी पोशाखाला आतून पावडर फासून नेव्हिया त्याला त्यात शिवून टाकी. शिवण दिसू नये म्हणून पाठीवर वरून खवले चिकटवावे लागत. म्हणजे एकदा शिवला की गडी आतच. नेव्हियानं कात्रीनं टाके उसवल्याशिवाय त्याला बाहेर येता येत नसे.

"आईनं जन्म दिला एकदाच," सेव्हेरो म्हणायचा, "तुम्ही रोज देता, सिन्योरा."

दुपारचं जेवण जेनोवेफा करायची. साठीला आलेली, आडव्या हाडाची बाई. सव्वीस वर्षांपूर्वी नवरा समुद्रात गेला तेव्हापासून ती शोकाचे काळे कपडे घालत होती. रव्याचा कुसकुस वाढताना ती राक्षसांची हजेरी घ्यायची. "हे तोंड बघा. आमचे मासे मेल्यावरसुद्धा याहून देखणे दिसायचे." नेव्हियाच्या ताटात मात्र ती हळूच सुकवलेल्या गाबोळीची चकती जास्तीची टाकायची. "खा पोरी. रोममध्ये तुम्हाला कागद खायला घालतात की काय."

आणखी एक म्हातारा तिथं असायचा. बातिस्ता. कारखाना चालू होता तेव्हा जाळ्यांवरचा सगळ्यांत मोठा माणूस तो. त्या हुद्द्याला तिकडे रायिस म्हणतात. कारखाना बंद पडून नऊ वर्षं झाली, तरी गाव त्याला रायिसच म्हणायचं. शूटिंगवाल्यांनी त्याला खडक आणि प्रवाह दाखवायला ठेवला होता. तो जेनोवेफाच्या हातचं कधी जेवला नाही. स्वतःचा पाव घेऊन लांब बसायचा. नेव्हियाला वाटलं, जुनं काही भांडण असेल.

कारखान्यासमोर खडकांत कोंडलेला समुद्राचा एक डोह होता. पूर्वी टूनांचे थवे हाकत हाकत इथं आणत आणि शेवटच्या जाळ्यात घेत. त्या जाळ्याला मासेमार मरणाची खोली म्हणायचे. डोहाचं पाणी काठाशी हिरवं आणि मधे काळं होतं. सिनेमातला मुख्य प्रसंग इथलाच. पाणी स्तब्ध... आणि मग त्यातून राक्षस सावकाश वर येतो.

त्यासाठी सेव्हेरोनं तळाशी जाऊन थांबायचं. कमरेच्या कडीला दोर, दोराचं दुसरं टोक काठावर नेव्हियाच्या हातात. हिसक्यांची भाषा ठरली होती. एक हिसका म्हणजे ठीक आहे, थांब. दोन म्हणजे वर. ती विचारणार, तो उत्तर देणार. रबराच्या पंजांनी त्याला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतंच.

या प्रसंगाच्या पहिल्या दिवशी तो खाली गेला आणि नेमका ढग आला. दिग्दर्शकाला सगळे माएस्त्रो म्हणायचे. त्यानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. दक्षिणेचा दमट वारा सुटला होता. कपडे अंगाला चिकटत होते. नेव्हियानं घड्याळ पाहिलं आणि दोराला एक हिसका दिला. खालून एक हिसका आला. ठीक आहे.

दीड मिनिट. एक हिसका. उत्तर, एक.

अडीच मिनिटं. एक हिसका. उत्तर... एक.

तेवढ्यात बाजूनं कुणीतरी खोकल्यासारखा आवाज आला. तिनं वळून पाहिलं. डोहाच्या पलीकडच्या टोकाला, कमानीखालच्या पायऱ्यांवर सेव्हेरो बसला होता. माशाचं मुंडकं खाली घालून धापा टाकत होता. कमरेची कडी मोकळी होती.

"दोर खडकात अडकला," तो मुंडक्याचा जबडा पंजानं वर करून ओरडला. "उतरल्या उतरल्याच. कडी कशीबशी काढली आणि तिकडून वर आलो. केव्हाचा हाका मारतोय, या मुंडक्यातून आवाजच येत नाही."

नेव्हियाच्या हातात दोर होता. ती काही बोलणार, एवढ्यात त्याला खालून एक हिसका बसला. हलकाच. ठीक आहे, थांब, म्हणत असल्यासारखा.

तिनं दोर टाकून दिला नाही. तसं करायचं धाडसच झालं नाही. दोघा कामगारांनी तो ओढून घेतला. कुठंही न अडकता सरसर वर आला, टोकाला काही नाही.

"प्रवाह आहे," माएस्त्रो म्हणाला. "काय रायिस? खाली प्रवाह असतोच ना?"

बातिस्ता कमानीखाली उभा होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "इथं प्रवाह नाही," तो म्हणाला, आणि पाठ फिरवून होडीकडे गेला.

संध्याकाळी उन्हं उतरायच्या आत नेव्हियानं त्याचं घर गाठलं. तो दारातल्या पायरीवर बसून एक जाळं विणत होता. त्या जाळ्याची आता कुणाला गरज नव्हती.

"किती हिसके होते?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"एक. दर वेळी एकच."

मग गल्लीत दोन घरं सोडून असलेल्या जेनोवेफाच्या दाराकडे पाहून त्यानं आवाज खाली आणला.

"एकावन्न सालचा मे. मरणाच्या खोलीत दोनशे टूना आले होते. दोनशे. त्या वर्षी गावात पाव नव्हता, सिन्योरा. जाळं ओढायला घेतलं आणि ते खाली खडकाला अडकलं. तिचा नवरा, अंब्रोजो, खाली गेला. दोर माझ्या हातात. त्यानं जाळं सोडवलं, जाळं हललं... आणि दोन हिसके आले. कुठंतरी पाय गुंतला असणार. तेव्हा जाळं थांबवलं असतं तर मासे गेले असते. मी एक हिसका दिला."

"थांब म्हणून."

"मासे वर येईपर्यंत थांब म्हणून. एवढंच. त्यानं परत दोन दिले. मी परत एक. असं किती वेळा... मग येईनासे झाले." त्याची बोटं जाळ्यात तशीच अडकून राहिली होती. "मासे वर आले. दोनशे. मग दोर ओढला. तो तुटला नव्हता, सिन्योरा. गाठही सुटली नव्हती. कमरेएवढा फास तसाच, आणि आत कुणी नाही. मी सुरीनं टोक कापलं आणि सगळ्यांना सांगितलं, दोर तुटला. तिलाही."

"तिला माहीत नाही?"

"सव्वीस वर्षं ती मला ताट वाढते आणि मी उठून जातो. माझ्या तोंडून होत नाही. तुमच्याही तोंडून नको. पण त्या पोराला खाली सोडू नका."

नेव्हियानं दुसऱ्या दिवशी जेनोवेफाचं नाव न घेता ही हकिगत सांगून पाहिली. माएस्त्रो म्हणाला, "ही गोष्ट माझ्या सिनेमात असती तर मी कापली असती." सेव्हेरो हसला. "रायिसचं वय झालं, सिन्योरा. उन्हात बसतो आणि घरची गाळलेली पितो. खाली काही नाही. काळोख आहे आणि एक लोखंडी कडी आहे, ती धरून मी उभा राहतो. हा एवढा एक प्रसंग झाला की माझं काम संपलं."

"मी ओढायचं ठरवलं की ओढणार. कॅमेरा चालू असला तरी," नेव्हियानं माएस्त्रोला बजावलं. "नाहीतर याला शिवतच नाही."

माएस्त्रोनं खांदे उडवले. तिनं सेव्हेरोला शिवायला घेतलं. एक टाका दोनदा घालावा लागला. तिनं कात्री आपल्या कमरेला बांधून ठेवली.

भर दुपार होती. आकाशात ढगाचा ठिपका नाही. सोनेरी केसांची बाई पायऱ्यांवर फाटक्या झग्यात उभी. सेव्हेरोनं दम भरला आणि तो काळ्या पाण्यात उतरला. त्याच्या मागे बुडबुड्यांची एक माळ वर आली, मग तीही थांबली.

एक मिनिट. हिसका. उत्तर, एक.

दीड मिनिट. तिनं हिसका द्यायला हात उचलला, आणि तो द्यायच्या आधीच उत्तर आलं. एक.

माएस्त्रोनं रुमाल हलवला. राक्षसानं आता वर यायचं होतं. तिनं दोन हिसके दिले. वर ये.

खालून एक आला. थांब.

तिनं परत दोन दिले.

एक.

"तो तयार होत असेल," माएस्त्रो कुजबुजला. "थांब. कॅमेरा चालू आहे. पाणी बघ कसलं दिसतंय..."

पाणी आरशासारखं होतं. दोर त्यात सरळ गेला होता, ताठ, न हलता. अडीच मिनिटं झाली होती. थांब, असं खालचा म्हणत होता. सगळं ठीक आहे म्हणत होता. आणि नेव्हियाला एकदम कळलं, की सेव्हेरोनं आजवर असा हिसका कधीच दिला नव्हता. तो उतावळा, तडक ओढणारा. हा हिसका शांत होता. ज्याला वाट बघायची सवय आहे, त्याचा.

तिच्या हातांशेजारी दोन म्हातारे हात आले. बातिस्ता कधी आला ते तिला कळलंही नव्हतं. त्यानं दोर धरला, आणि त्याच क्षणी खालून एक हिसका आला. त्यानं डोळे मिटले.

"ओढ, पोरी," तो म्हणाला. "मी थांबलो होतो... तू थांबू नकोस."

तिनं ओढलं. दोर हलेना. कॅमेरा सोडून दोन कामगार धावले, मग तिसरा. पाच जणांनी पाय रोवून ओढलं तेव्हा कुठं तो इंच इंच वर येऊ लागला. सेव्हेरो सडपातळ होता. पोशाख भिजला तरी एवढं ओझं व्हायला नको होतं. अर्ध्यावर दोर एकदम सैल पडला, पुन्हा जड झाला, आणि पाण्यातून माशाचं मुंडकं वर आलं.

नेव्हियानं कात्रीनं मुंडकं फाडलं. सेव्हेरोचे ओठ जांभळे पडले होते. त्याला पालथं घालून पाणी काढलं, कुणी छाती चोळली, आणि कितीतरी वेळानं तो ओरडावं तसा श्वास घेत परत आला. ती रबर कापत खाली गेली. उजव्या पायावरचं रबर अखंड होतं, कुठं खरचटलेलंसुद्धा नाही. आत घोट्याभोवती पाच काळे-निळे वळ होते.

"मी दोन देत होतो," सेव्हेरो पुटपुटला. "दोन... दोन... दोन... तुम्ही ओढत का नव्हता?"

"मला एकच येत होता," नेव्हिया म्हणाली.

त्याला होडीनं गावात नेलं. तेवढ्यापुरतं शूटिंग थांबलं. सगळे होडीकडे धावले तेव्हा डोहाच्या काठी कुणी उरलं नव्हतं, एकटी जेनोवेफा सोडून. ती हातातला झारा तसाच धरून पाण्याकडे पाहत उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेव्हिया दवाखान्यात गेली. सेव्हेरो उशीला टेकून बसला होता. रंग परतला होता, पण थट्टा परतली नव्हती. त्यानं नर्स जाईपर्यंत वाट पाहिली.

"सिन्योरा, खाली कुणी बोललेलं ऐकू येत नाही. पाण्यात कसं येणार? पण मला विचारलेलं कळलं."

"काय विचारलं?"

"मासे वर आले का."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मला वाटलं, दम संपला की असे भास होतात. पायाला पकड होती. घट्ट, पण रागाची नव्हती. बुडणारा माणूस धरतो तशी. परत विचारलं, मासे वर आले का. परत. मग मी मनात म्हटलं, आले. केव्हाच आले. सगळे आले, आता तूही चल." सेव्हेरोनं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. "तेव्हा त्यानं पाय सोडला. आणि दुसरीकडे धरलं. इथं, कमरेला. आणि मग तुम्ही आम्हाला ओढलंत."

"तुला," नेव्हिया म्हणाली.

सेव्हेरोनं पांघरुणावरून कमरेवर हात ठेवला.

ती बाहेर आली तेव्हा तिनं ठरवून टाकलं होतं. रायिसनं नको म्हटलं होतं, तरी सांगायचं. त्या बाईला सव्वीस वर्षं खोटं सांगितलं गेलं होतं. निदान आता कुणीतरी खरं सांगायला हवं होतं. शिवाय सकाळी स्वयंपाकाला जेनोवेफा आलीच नव्हती. महिन्याभरात असं पहिल्यांदा घडलं होतं. आजारी असेल तर विचारपूस होईल, नाहीतर बोलणं होईल.

गल्लीत ऊन पडलं होतं. रायिसच्या पायरीवर जाळं पडलेलं होतं, तो आत असावा. जेनोवेफाच्या अंगणात दोरीवर एक स्वेटर वाळत घातला होता. पुरुषाचा. जाड लोकरीचा, कोळी लोक पूर्वी घालत तसा. त्याच्या कोपरांतून आणि काठांतून पाणी गळत होतं, आणि खालच्या फरशीवर पांढरं मीठ फुटलं होतं.

तिनं दार वाजवलं. बऱ्याच वेळानं ते वीतभर उघडलं. फटीत जेनोवेफा होती. तिनं निळा झगा घातला होता, तरुणपणीचा असावा, खांद्यांत दाटलेला, पेटीतल्या लव्हेंडरचा वास येणारा. केस नुकतेच विंचरलेले होते.

"आज आला नाहीत," नेव्हिया म्हणाली.

"नाही जमलं गं. घरचं करायचं होतं."

आतून ओल्या लोकरीचा, शेवाळाचा आणि गरम सुपाचा वास येत होता. नेव्हियानं एक पाऊल मागे घेतलं, मग धीर करून म्हणाली, "मला तुम्हाला काही सांगायचंय. अंब्रोजोंबद्दल. दोर..."

"तुटला नव्हता," जेनोवेफा म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "कळलं मला."

"रायिसनं सांगितलं?"

"तो कसला सांगतोय." तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि खांद्यावरून मागे, अंधाऱ्या खोलीकडे पाहिलं. "हळू बोल, पोरी... आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. फार दमलेत. उठले की रायिसकडे जायचंय म्हणतात."

आत खाट करकरली. जेनोवेफानं घाईघाईनं दार लावून घेतलं.